दूध कडू होतं

नऊ वर्षं खेटे घातल्यावर धाकट्याला एकदाचं मालिकेत काम मिळालं.

"किती वाक्यं आहेत?" आईंनी विचारलं.

"वाक्य असं नाही. पण माझ्यावाचून गोष्ट सुरूच होत नाही."

"म्हणजे?"

"मी मेलेला असतो."

रहस्यमालिका होती. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात एक विद्यार्थी सकाळी खाटेवर मरून पडलेला सापडतो, शेजारी दुधाचा रिकामा पेला असतो, आणि संशय त्याच्या वर्गमित्रांवर जातो.

"दूध?" आई म्हणाल्या. "हा? नाक दाबून पाजलं तरी अंगावर उडवायचा!" मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नऊ वर्षांनी काम मिळालं, तेही तोंड न उघडण्याचं."

घरातली थोरली सून, म्हणजे धाकट्याची वहिनी, औषधशास्त्र शिकवायची. मालिकेला सल्लागार हवा होता, तेव्हा धाकट्यानेच तिचं नाव सुचवलं. "एकदम शांत बाई आहे," त्याने दिग्दर्शकाला सांगितलं. ते खरंही होतं. फक्त चुकीचं काही कानावर पडलं की तिच्या घशात खवखवायचं.

चित्रीकरणावरच्या तिच्या पहिल्याच दिवशी ते खवखवलं. धाकटा डोळे मिटून खाटेवर पडला होता. इन्स्पेक्टरने पेला हुंगून दुधात झोपेचं औषध किती घातलं होतं ते सांगितलं, आणि वहिनी खोकली.

"काय झालं, मॅडम?" दिग्दर्शकाने विचारलं.

"एवढ्याने मरणार नाही तो. दुपारपर्यंत झोपेल फार तर."

"मग पाचपट घालू."

"मग दूध इतकं कडू होईल की पहिलाच घोट थुंकेल."

"साखर घालू!"

"किती? पेल्यात दुधाला जागा नको?"

"कट! प्रेत हसतंय!" कॅमेरामन ओरडला.

दिग्दर्शकाने हात जोडले. "मॅडम, मरू द्या ना त्याला! सकाळपासून तीस माणसं त्याच्या मरणासाठी खोळंबलीत."

"मी कुठे अडवलंय? औषध बदला."

"औषधाची बाटली पुढच्या पाच भागांत दाखवून झालीय!"

लेखकाला बोलावलं. त्याने कोपऱ्यात बसून नखं खाल्ली आणि तासाभराने नवी पानं आणली. दूध जरासं कडू लागलं म्हणून विद्यार्थी पेला अर्धाच प्यायला, गुंगीत खाटेवरून पडला, डोक्याला मार लागला आणि तो बेशुद्ध झाला. सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. घसा शांत होता.

"सुनेने माझ्या लेकाला वाचवलं!" आईंनी शेजारी-पाजारी सांगितलं.

वाचवलं, पण उठवलं नव्हतं. गोष्टीत धाकटा बारा दिवस बेशुद्ध होता. मालिकेत त्याला पाच महिने लागले. रोज सकाळी तो डबा घेऊन जायचा आणि घशात नळी असल्यासारखा पडून राहायचा. "काम कसं चाललंय?" कुणी विचारलं, तर म्हणायचा, "पडलोय."

आई एकही भाग चुकवत नसत. "सलाइन संपत आलंय, त्या नर्सचं लक्ष आहे का बघ!" त्या टीव्हीला सांगत. "अगं, ती नळी कशाला? तो पडदा हिरवा का?" वहिनी भाजी चिरता चिरता सगळं समजावून सांगे, आणि आई सगळं नीट ध्यानात ठेवत.

शेवटच्या भागात मात्र धाकट्याला वाक्य मिळालं. ज्या मित्राने दूध दिलं होतं, तो शपथेवर सांगत होता, "मी स्वतः चाखून दिलं, गोड होतं." त्यावर शुद्धीवर आलेल्या धाकट्याने म्हणायचं होतं, "दूध कडू होतं." तेवढ्याने गुन्हेगार सापडणार होता. धाकट्याने ते वाक्य आरशासमोर म्हटलं, न्हाणीघरात म्हटलं, भाजीवाल्यालाही ऐकवलं.

चित्रीकरणाच्या दिवशी, गोष्टीत आदल्याच संध्याकाळी नळी काढलेल्या त्या रुग्णाने डोळे उघडले आणि सगळी खोली दणाणेल अशा आवाजात म्हटलं, "दूध कडू होतं!"

वहिनीचा घसा खवखवला. बारा दिवस नळी असलेल्या घशातून घोगरी कुजबुज निघाली तरी पुष्कळ. दिग्दर्शकाने धसकून विचारलं, "मॅडम?" धाकटाही खाटेवरून मान उचलून तिच्याकडे बघत होता. नऊ वर्षं आणि पाच महिने त्या डोळ्यांत होते.

वहिनी बाटली उघडून घटाघटा पाणी प्यायली. "छान झालं," ती म्हणाली. कामाच्या जागी ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली होती.

शेवटचा भाग बघायला घरात सगळा गोतावळा जमला. वाक्य आलं. टाळ्या पडल्या, मामांनी शिट्टी मारली. धाकट्याने आईकडे पाहिलं. आईंच्या कपाळावर आठ्या होत्या.

"आई, आवडलं नाही?"

"तू चांगलंच केलंस रे," आई म्हणाल्या. "पण काल नळी काढली आणि आज असा खणखणीत आवाज?" मग त्या सुनेकडे वळल्या. "तू काय करत होतीस गं तिथे?"

वहिनीने पाण्याचा पेला उचलला.