तेविसावी लेखिका

कायम नोकरीची मुलाखत आपण खिशात घातलीच आहे, असं मी घरात आधीच जाहीर करून टाकलं होतं. का नाही करणार? आमच्या रेणुजीवशास्त्रात माणसाचं वजन ठरतं ते त्याच्या पेपरांचा इतरांनी किती वेळा हवाला दिला यावर. त्याला सायटेशन म्हणतात, आणि माझी सायटेशन्स सहाशेच्या वर होती. सासूबाई तर शेजारी सांगूनही आल्या, की सहाशे शास्त्रज्ञ आमच्या सुनेला विचारून काम करतात. मीही त्यांना दुरुस्त केलं नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ऑफिसातून निरोप आला. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांना माझ्या सगळ्यात गाजलेल्या पेपरवर सविस्तर बोलायचं होतं. मी तो निरोप नवऱ्याला दाखवला.

"तुझाच पेपर ना? मग बोल की," नवरा म्हणाला.

"माझा कुठला? बेचाळीस जणांची नावं आहेत त्यावर. मी तेविसावी. त्यांचं सेंट्रिफ्यूज बिघडलं होतं, नळ्या गरगर फिरवायचं मशीन. आठवडाभर आमचं वापरू दिलं, म्हणून त्यांनी माझं नाव घातलं."

"म्हणजे तू शेजारणीला मिक्सर दिलास आणि पाहुण्यांनी स्वयंपाकाचं कौतुक तुझं केलं?"

"आणि माझी नव्वद टक्के कौतुकं त्याच एका जेवणाची आहेत," असं म्हणताना मला रडूच फुटलं. इतकी वर्षं दर वर्षी करार वाढवून घेत आले होते. यंदा वयाच्या अटीत जेमतेम बसत होते, पुढच्या वर्षी तेही नाही.

पेपर उघडला. तुटलेला डीएनए पेशी कशी सांधते, एवढं शीर्षकावरून कळलं. पुढे जी गणितं सुरू झाली ती काही संपेनात. मी बाविसाव्या लेखिकेला, म्हणजे माझ्या मैत्रिणीला, फोन लावला.

"अगं, मला काय विचारतेस? मी नुसते उंदीर दिले होते."

"मग विसाव्याला विचारू?"

"त्यानं इंग्रजी तपासलं."

"न समजता?"

"समजून घेत बसला असता तर अजून तपासतच असता."

पहिल्या लेखकाला मेल केली, तर तो रजेवर असल्याचं उत्तर आपोआप आलं. रजेवर! इथे माझा जीव टांगणीला लागलेला.

मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडे आमच्या संचालक मॅडम आणि शेजारी ते तज्ज्ञ. पांढरे केस, समोर पेपरची प्रत, त्यावर ठिकठिकाणी पेन्सिलीच्या खुणा.

"चौथ्या आकृतीत ही रेघ एकदम खाली का येते?" त्यांनी विचारलं.

"सर, आम्हालाही त्याचंच नवल वाटलं होतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. "आणि मग परत वर का जाते?"

"इतकी खाली आल्यावर तिला वर जाणं भागच होतं, सर."

तेही लिहून घेतलं! आता पाचव्या आकृतीचं पान उलटलं जाणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "यात तुमचं नेमकं काम काय होतं?"

थापा संपल्याच होत्या. "मी सेंट्रिफ्यूज दिलं," मी म्हटलं.

तज्ज्ञांनी हळूच पेन्सिल खाली ठेवली. "मी एकोणतिसावा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी फ्रीजरमधला एक कप्पा दिला होता. म्हटलं, आज तुमच्याकडून तरी कळेल."

मॅडमनी आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहिलं. दोन्ही वेळा सारख्याच नजरेनं. मग मला म्हणाल्या, "हा पेपर बाजूला ठेवा. उरलं काय ते सांगा."

उरलं होतं माझं यीस्ट. त्याच्या पेशी म्हाताऱ्या होताना आधी काय गमावतात, हे मी स्वतःच्या हातांनी शोधलं होतं. बोलायला लागले आणि भीती कुठल्या कुठे गेली. मॅडम मध्येच पुढे सरकून ऐकायला लागल्या.

"त्याला सायटेशन्स किती?"

"साठेक."

"त्यात तुमची तुम्हीच दिलेली?"

"निम्मी."

"उमेदवार अत्यंत प्रामाणिक आहेत," तज्ज्ञ घाईघाईनं म्हणाले. त्यांना खोलीबाहेर पडायची माझ्यापेक्षा जास्त घाई होती.

नोकरी मिळाली. खरोखर मिळाली, आणि माझ्याच कामावर मिळाली. पुढच्याच आठवड्यात त्या तज्ज्ञांची मेल आली: नवा पेपर पाठवतोय, तुमचं नाव चौतिसावं घातलंय, वाचायची तसदी घेऊ नये.

मी काय केलं ते विचारू नका. आडनाव तेवढं बरोबर छापा, असं मात्र लगेच कळवलं.