सतराव्या फाइलची उलटतपासणी

सुगावा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कॉलेजात ते पडलं, आणि ते चेष्टेने पडलंय हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या मते त्याची नजर घारीची, कान सशाचे आणि मेंदू... मेंदूला साजेशी उपमा अजून सापडायची होती, तपास चालू होता. आजवर त्याने सात प्रकरणं हाताळली. त्यातली चार सुटली, कारण हरवलेल्या वस्तू कंटाळून आपणहून परत आल्या.

आठवं प्रकरण मात्र घरचं होतं. त्याच्या मामांनी तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, गावभरच्या लोकांना हनुवटी वर करायला लावली, पण मामींचा एक फोटो काढायचा राहून गेला. आज काढू, उद्या काढू. गेल्या वर्षी मामी गेल्या आणि भिंतीवर लावायला काही नव्हतं. मग मामांना आठवलं की दुकानातल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात तिचा एक फोटो होता. कॅमेरा बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि त्या कॅमेऱ्याचा फोटो साठवायचा फॉरमॅट आता कुठलंच सॉफ्टवेअर ओळखेना.

सुगाव्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मामा, मामींचा फोटो मी तुम्हाला दाखवणार."

जगभरची हौशी माणसं मिळून सांभाळतात अशा एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरला हा फॉरमॅट शिकवायचा, असा त्याने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टच घेतला. जोडीला वर्गातली कॉमा होती. एकदा दोन दिवस खपून तिने कोडमधला एकच चुकलेला स्वल्पविराम पकडला होता, म्हणून कॉमा. काम ती करायची, सुगावा तिच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालायचा. महिन्याभरात कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या एक्केचाळीस फाइली उघडल्या. चाळीस सरळ. सतरावी उलटी. आणि मामी नेमक्या सतराव्या फाइलीत, डोकं खाली, दुकानाचं काउंटर वर.

"मूळ फोटोच उलटा असेल," कॉमा म्हणाली.

सुगावा हसला. तीस वर्षांचा कसलेला फोटोग्राफर कॅमेरा उलटा धरेल? केस संपली असती, पण त्याला ती इतक्यात संपवायची नव्हती.

पहिला सिद्धान्त असा की हा फॉरमॅट चित्राच्या ओळी खालून वर साठवतो. कॉमाने तसं करून दाखवलं, तेव्हा मामी सरळ झाल्या आणि चाळीस गिऱ्हाइकं शीर्षासनात गेली. दुसरा सिद्धान्त घातपाताचा होता. बंद पडलेल्या कंपनीतल्या कुणा दुखावलेल्या इंजिनिअरने सतरा या आकड्यावर सूड उगवला असणार. त्यावर सुगाव्याने सहा पानी टिपण लिहिलं. तिसऱ्या सिद्धान्तात संशयाची सुई कॉमावर होती. हे तिला कळलं आणि दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

शेवटी त्याने स्वतः कोड लिहिला. एकशे बारा ओळींचा मथितार्थ एवढाच, की फाइल बरोबर सतराव्या फाइलीच्या आकाराची असेल तर चित्र फिरव. तो कोड तपासायला त्या सॉफ्टवेअरची राखण करणाऱ्या दूरदेशीच्या एका गृहस्थांकडे गेला. त्यांना दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं, पण शेऱ्यांवरून ते त्यांना हेडमास्तर म्हणत. हेडमास्तरांनी उलट टपाली विचारलं, की या एका चित्रावर तुमचा इतका जीव का? सुगाव्याला ते फार लागलं, कारण जीव खरंच होता.

इकडे मामा रोज विचारायचे, झालं का रे? सुगावा म्हणायचा, थोडंच राहिलंय. मामींना डोक्यावर उभं करून मामांना दाखवायचं, हे त्याच्याने होईना. असे अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी कॉमाने त्याला न विचारता लॅपटॉप उचलला आणि थेट स्टुडिओत मामांच्या काउंटरवर ठेवला. "काका, हा फोटो उलटा का आहे?"

मामांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. मग ते हसायला लागले, आणि चष्मा पुन्हा पुसावा लागला.

"उलटाच आहे तो. हा मी नाही काढलेला," ते सुगाव्याकडे वळून म्हणाले. "तू काढलायस. पाच वर्षांचा होतास. कॅमेरा पळवलास आणि उलटा धरलास. मी ओरडलो, तर ती म्हणाली, असू दे हो, काढू दे त्याला."

सुगाव्याच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच गुन्हेगार सापडला होता. त्याने कॅमेऱ्याची, कंपनीची, कॉमाची, सगळ्यांची उलटतपासणी घेतली होती. एकुलता एक साक्षीदार रोज समोर येऊन झालं का रे म्हणून विचारत होता, त्याला काही विचारायचं सुचलं नाही. कॉमाने तिथेच बसून एकशे बारा ओळी पुसल्या आणि हेडमास्तरांना कळवलं की दोष फॉरमॅटचा नसून फोटोग्राफरचा आहे.

"मामा, एका मिनिटात सरळ करून देतो," सुगावा नाक ओढत म्हणाला.

मामांनी लॅपटॉपच दोन्ही हातांनी उलटा फिरवून काउंटरवर उभा केला. मामी सरळ झाल्या. डोळे मिटेपर्यंत हसणाऱ्या मामी.

"राहू दे," मामा म्हणाले. "बस इथे जरा. तुझ्याकडेच बघून हसतेय ती."