डाव्या चाकाची समाधी

"जावईबापू, या जगात दोन प्रकारची माणसं असतात," सासरे मिशी नसलेल्या जागेवरून बोट फिरवत म्हणाले. "काहींना दिसतं. काहींना दिसूनही कळत नाही. मी तिसरा. मला न दिसताही कळतं."

त्यांचा चष्मा त्या वेळी सासूबाईंच्या नाकावर होता. त्या वर्तमानपत्र वाचत होत्या.

सासऱ्यांनी आयुष्यभर बटणं विकली. दुकान बंद करताच त्यांना साक्षात्कार झाला, की गुन्हा म्हणजे तुटलेलं बटण; काज शोधलं की गुन्हेगार सापडला. लगेच त्यांनी दारावर पाटी ठोकली : "रहस्यभेदी. पाय पुसून आत यावे." त्या दिवसापासून पाय पुसावे लागले ते त्यांनाच, कारण दुसरं कुणी आलंच नाही.

जावयाचं सासुरवाडीत कौतुक होतं म्हणतात. या जावयाचं कौतुक एवढंच, की गाडीखाली सरपटायला सांगतानाही सासरे त्याला "बापू" म्हणत.

तर गाडी. गाडी सासूबाईंच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची. अप्पा गेले, गाडी राहिली, आणि सासूबाई ती अशा प्रेमाने चालवत की खड्डा आला तर आधी गाडीची माफी मागत. पण हल्ली ती चालेनाच. मागून कुणी पदर धरून ठेवावा तशी कुंथत निघायची, उंटासारखं पेट्रोल प्यायची आणि घरी आली की करपल्याचा वास सोडायची. गॅरेजवाल्याने फोनवरच निदान केलं होतं, "इंजिन गेलं, काकू. चांगलं होतं बिचारं."

"रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय," सासूबाईंनी पेपराची घडी घातली. "अप्पांची शेवटची वस्तू आहे. पण तिचे असे हाल नाही बघवत मला."

इकडे जावयाला बायकोने बजावूनच पाठवलं होतं : "आजोबांची गाडी भंगारात गेली, तर तूही तिच्यातच बसून जा. घरी येऊ नकोस."

सासऱ्यांनी तपास हाती घेतला. कीर्तनात बुवांनी डोळे मिटून आलाप लावला की झांजवाल्याला कळतं, आता बराच वेळ उभं राहायचंय. जावयाने पाय जरा फाकवून घेतले.

"पहिला संशयित, अप्पा!"

"ते वारलेत ना?"

"म्हणूनच! जिवंतपणी माणूस एवढा जड नसतो. ते मागच्या सीटवर बसून राहिलेत. लेकीचं घर सोडवत नाही त्यांना."

सासऱ्यांनी मागचं दार उघडलं, टोपी काढली आणि अत्यंत आदराने म्हणाले, "अप्पा, उतरता का? पाय मोकळे होतील." मग सीटकडे बघत थांबले. अप्पांना उतरायला पुरेल इतका वेळ गेल्यावर जावयाला म्हणाले, "दार हळू लावा. बोटं असतील."

गाडी तशीच कुंथली.

"अप्पा निर्दोष," सासऱ्यांनी जाहीर केलं. "आता उरतं लोहचुंबक. परकी टोळी. रस्त्याखाली पुरलंय."

जावयाला दोरीला बांधलेला चमचा देण्यात आला. तो लोंबकळवत त्याने रस्ता पालथा घातला. समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "अहो, काय हरवलंय?"

"अजून काही नाही," तो म्हणाला. "शोध चालू आहे."

चमचा कुठेही खेचला गेला नाही. त्यामुळे टोळी फार हुशार आहे, हे सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे गायब. सासूबाई गाडीत बसल्या. जावई ढकलायला मागे. आज तर गाडी जागची हलेना.

तेवढ्यात डिकीतून दबका आवाज आला, "जावईबापू, ऐकू येतंय? गुन्हेगाराने रातोरात गाडीचं वजन वाढवलंय!"

"बाबा, तुम्ही आत आहात."

"पाळतीवर आहे."

"तेच वजन आहे."

आत जरा खुडबुड झाली. मग आवाज आला, "हा मुद्दा लक्षात ठेवा. आणि डिकी उघडा. आतून उघडत नाही."

उरला बोका. शेजारचा हा गलेलठ्ठ बोका पूर्वी गाडीच्या टपावर झोपायचा. हल्ली गाडी फिरून आली रे आली, की मागच्या डाव्या चाकाला पाठ टेकून असा डोळे मिटायचा, की एखाद्या सत्पुरुषाला समाधी लागावी. सासरे त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"कुणासाठी काम करतोस?"

बोक्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

"बघितलंत? तोंड उघडत नाही. मुरलेला आहे."

असं करता करता शनिवार आला. सासूबाई गाडी शेवटची फिरवून आणून नेहमीच्या उतारावर उभी करत होत्या. सासऱ्यांनी रोजच्याप्रमाणे चाकामागे वीट लावली. हा या घरचा शिरस्ता. अप्पांचा हातब्रेकवर काडीचा विश्वास नव्हता. "माणसाने आणि गाडीने विटेच्या भरवशावर उभं राहावं, दोरीच्या नव्हे," असं म्हणत ते विठोबाला हात जोडायचे. तेव्हापासून हातब्रेकला कुणी बोट लावत नसे, आणि वीट लावणं-काढणं हे सासऱ्यांचं एकुलतं एक घरकाम होतं.

सासूबाईंचे डोळे भरून आले होते. भंगारात जायचं तर निदान अंग धुऊन जाऊ दे, म्हणून त्यांनी बादली आणली आणि पाण्याचा पहिला हबका डाव्या चाकावर मारला.

चर्र्र!

तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी वाफ उठली. बोका टुणकन उडून कुंपणावर गेला.

सासूबाईंनी उजव्या चाकावर पाणी मारलं. काही नाही. पुन्हा डाव्यावर. चर्र्र!

"अगंबाई, हे चाक तापलंय! म्हणून तो मेला इथे शेकत बसतो! ब्रेक धरून ठेवलाय याने. पण हातब्रेक तर आपण..." त्या बोलता बोलता वाकल्या, आणि वीट बाजूला करायला हात घातला.

वीट त्यांच्या दोन बोटांत वर आली. फुलासारखी. पुठ्ठ्याची होती. वरून लाल रंग.

त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"अहो," सासूबाई म्हणाल्या. "माझी वीट कुठंय?"

"कपाटात," सासरे म्हणाले. "पुरावा क्रमांक एक."

"कशाचा?"

"तिच्यावर रोज ताजे ठसे सापडत होते. तपासले, तर माझेच निघाले! कुणीतरी माझे ठसे चोरतंय. म्हणून वीट जप्त केली, आणि चोराला संशय येऊ नये म्हणून इथे नकली ठेवली."

"आणि या पुठ्ठ्यावर माझी गाडी उतारावर उभी कशी राहिली?"

सासरे चाचरले. "तेवढा हातब्रेक... तू आत गेलीस की ओढायचो. दोन्ही हातांनी. सकाळी तू यायच्या आत सोडायचो."

गॅरेजवाल्याने चाक काढलं आणि आपण फोनवर हेच सांगितलं होतं, असं शपथेवर सांगितलं. ब्रेकची चकती चिमटीत धरणारा कॅलिपर गच्च अडकला होता. "वर्षानुवर्षं हातब्रेक न वापरल्याने आत गंज चढला, काकू. त्यात कुणा पैलवानाने ओढला. दांडी खाली येते, पण आतली चिमटी सुटतच नाही. दातखीळ बसलीय." त्याने कॅलिपर बदलला, चाक हाताने फिरवलं. ते फिरतच राहिलं. सासूबाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसत हसल्या.

रविवारी भंगारवाला आला. सासऱ्यांनी नकली वीट लावून ठेवली होती, सवयीने. तो बिचारा बॉनेटला टेकला मात्र, गाडी झुळकीसारखी मागे सुटली. वीट चपटी झाली. सासूबाई धावत जाऊन आत बसल्या, ब्रेक मारला आणि खिडकीतून ओरडल्या, "नाही द्यायची! बघितलंत ना कशी पळते?"

जावयाने बायकोला फोन लावला. "मी घरी येतोय."

खरी वीट कपाटातून सुटली, झाडूनपुसून पुन्हा चाकामागे बसली. पण गॅरेजवाल्याने हातब्रेकही रोज ओढून सोडायला सांगितला होता, नाहीतर पुन्हा अडकेल. सासूबाईंनी ते काम नेमून दिलं. आता सासरे पहाटे उठून, अंघोळ करून, गाडीत बसून हातब्रेक ओढतात आणि सोडतात, ओढतात आणि सोडतात. जपमाळेसारखं.

निघताना जावई पाया पडायला वाकला. सासऱ्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि कानाशी लागून म्हणाले, "गुन्हेगार घरातलाच आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."