तेरा लाखांची भिंत

पगार वाढल्याची बातमी ऐकली आणि तोमोए इगाराशीनं हातातला झारा कढईच्या काठावर आपटला.

"तासाला साठ येन जास्त? आम्ही कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

दुकानाचे व्यवस्थापक निशिवाकी गडबडले. बिचारे टाळ्या ऐकायच्या तयारीनं आले होते. "इगाराशीबाई, सरकारनंच वाढवलाय दर. ऑक्टोबरपासून सगळ्यांना."

"सरकारचं काय जातंय! दर वाढवला, मग भिंत कोण वाढवणार?"

भिंत म्हणजे काय, हे त्या तळणीच्या विभागात कुणी विचारत नसे. तिथल्या सातही बायका अर्धवेळ कामाच्या. बाईची वर्षाची कमाई तेरा लाख येनच्या आत राहिली, की ती नवऱ्याच्या आरोग्यविम्यात फुकट बसते आणि नवऱ्याच्या कंपनीकडून तिच्या नावाचा भत्ताही येतो. तेरा लाख भरले, की भत्ता बंद. विम्याचा आणि पेन्शनचा हप्ता बाईच्या डोक्यावर. तोमोएच्या घरातून वर्षाला चार लाख गेले असते. म्हणजे जास्त राबा आणि कमी खा. आठ वर्षं ती ही भिंत सांभाळत आली होती. दर वाढला की तास कापायचे आणि घरी जाऊन बसायचं. घरात येणारा पैसा तेवढाच, वर सरकारनं उपकार केल्याचं ऐकायचं.

तिनं तास कापले. कॅलेंडरवर पेन्सिलीनं नवा हिशेब मांडला. तो जेमतेम बसतोय तोच नोव्हेंबरात नवऱ्याच्या कंपनीचं पत्र आलं. हिरोमूनं चष्मा लावून ते गंभीरपणे वाचून दाखवलं. बायकोच्या कमाईत तिला मिळणारं बसभाडंही धरायचं, असं त्यात लिहिलं होतं.

"बसभाडं? ते काय मी खाते? ते बसवाल्याच्या घरी जातं!"

"नियम आहे गं."

"मग बसवाल्याला घ्या म्हणावं तुमच्या विम्यात!"

दहा महिन्यांचे पन्नास हजार एका फटक्यात अंगावर आले. तिनं त्याच दिवशी पास परत केला, आणखी अठ्ठेचाळीस तास कापले आणि सायकल बाहेर काढली. निगाताकडच्या बर्फाळ हिवाळ्यात सायकल चालवायची म्हणजे पडायचं कुठे तेवढंच आपल्या हातात. ती एकदा पोस्टासमोर पडली आणि एकदा थेट निशिवाकींच्या पायाशी.

वीस डिसेंबरपर्यंत सातही बायका घरी बसल्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी नूडल्स होतात आणि त्यांवर तळलेली कोळंबी लागते. ती ज्यांनी तळायची, त्या सगळ्या आपापल्या भिंतीच्या अलीकडे हात जोडून बसलेल्या. तीस तारखेला निशिवाकी संत्र्यांची पेटी घेऊन तोमोएच्या दारात उभे राहिले आणि कमरेत वाकले.

"बाई, कढईशी मी एकटाच उरलोय. मला अंडंसुद्धा तळता येत नाही."

"आमच्यातल्या किनुयोबाईंना विचारा."

"विचारलं. त्यांचे नऊशे येनच उरलेत. तुमचे किती?"

तोमोएनं कॅलेंडर पाहिलं. "अडीच हजार. दोन तास येते. वर एक मिनिटही नाही. आणि संत्री ठेवून जा, ती पगारात धरत नसतील तर."

एकतीसला दहा वाजता ती कढईशी उभी राहिली. बाराच्या ठोक्याला रांग अंड्यांच्या कपाटापर्यंत पोचली होती. तिनं हजेरीचं कार्ड मशीनमध्ये घातलं आणि एप्रन सोडला. तीनशे ऐंशी येनची जागा उरली होती.

"बाई, एवढं एक घमेलं तरी!" निशिवाकी रडकुंडीला आले.

"पैसे नका धरू. तशीच तळते."

"फुकट? कामगार खात्याला कळलं तर ते मलाच तळतील!"

"गिऱ्हाईक म्हणून उभी राहायला तर कुणाची ना नाही?"

तिनं टोपली घेतली आणि ती काउंटरच्या पुढच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आत झारा निशिवाकींनी उचलला.

"धूर येतोय, आच कमी करा! अहो, शेपटीला धरा तिला, गळ्याला काय धरताय! आता सोडा. हळू! तेल आहे ते, विहीर नाही!"

रांगेत मागे उभ्या आजोबांना राहवलं नाही. "बाई, एवढं येतंय तर तुम्हीच का जात नाही आत?"

"माझे तीनशे ऐंशी येनच उरलेत."

"अरेरे," आजोबा म्हणाले. "आमच्या सुनेचे तर वीस तारखेलाच संपले. तेव्हापासून घरी आहे. रोज माझं कपाट आवरते. मला माझेच मोजे सापडत नाहीत."

तीन तास तोमोए तिथे उभी राहून ओरडत होती. घसा बसला, पण शेवटची कोळंबी विकली गेली. तेवढ्यात दुकानाचे थोरले मालक आले. ऐंशी वर्षांचा माणूस. त्यांनी मागे उभं राहून सगळं पाहिलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी एक पाकीट पुढे केलं.

"दहा हजार आहेत. पगारपत्रकात रीतसर चढवायला सांगितलंय."

तोमोएनं दोन्ही हात मागे घेतले. "नको मालक."

दोनदा नको म्हणायचं, ही तर रीतच. मालकांनी पाकीट पुन्हा पुढे केलं.

"नको म्हणते ना! खरंच नको!"

"काय हा विनय," मालक निशिवाकींना म्हणाले.

"विनय नाही हो, मला परवडत नाही!" ती किंचाळली. तेव्हा तर मालकांना गहिवरूनच आलं. त्यांनी पाकीट तिच्या टोपलीत ठेवलं, डोळे पुसले आणि ते निघून गेले.

संध्याकाळी हिरोमू नूडल्स उकडून बसला होता. तिनं पाकीट त्याच्यासमोर टाकलं.

"नऊ हजार सहाशे वीसनं गेले पलीकडे. वर्षभर जपलं आणि शेवटच्या दिवशी बुडवलं. बोला काय बोलायचं ते."

हिरोमूनं चॉपस्टिक खाली ठेवल्या, देव्हाऱ्याखालच्या खणातून एक लिफाफा काढला आणि तिच्यापुढे सरकवला. कंपनीनं कळवलं होतं: डिसेंबरात त्याला साठ पूर्ण होताहेत, जानेवारीपासून आठवड्यातून तीनच दिवस काम. कंपनीचा विमा आणि बायकोचा भत्ता एकतीस डिसेंबरला संपेल.

तिनं पत्र दोनदा वाचलं. "कधी आलं हे?"

"ऑक्टोबरात."

"ऑक्टोबरात! आणि नोव्हेंबरात मला बसभाड्याचं वाचून दाखवत होतात? मी बर्फात आपटत होते तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"तू इतकं मन लावून मोजत होतीस. मला वाटलं, वर्ष तरी पुरं होऊ दे."

तिनं हात उचलला. पण तो फोनकडे गेला. "निशिवाकीसाहेब? चार तारखेपासून मला पूर्ण वेळ लावा. रोज. हो, विमाही माझाच." पलीकडून रडण्याचा आवाज आला.

मग तिनं नव्या वर्षाचं कॅलेंडर काढलं आणि पेन्सिल नवऱ्याच्या हातात दिली.

"आता तुम्ही माझ्या विम्यात बसायचं."

"बरं झालं की," हिरोमूचा चेहरा खुलला.

"तुमची कमाई माझ्या निम्म्याच्या आत लागेल. तीन दिवस गेलात तर जास्त होते. दोनच दिवस जायचं."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, कधी हिरोमूचा आवाज चढला नव्हता. आज त्यानं टेबलावर मूठ आपटली.

"हा कुठला न्याय! धडधाकट माणूस मी, अडतीस वर्षांचा कारागीर! काम आहे, अंगात जोर आहे, आणि मुद्दाम घरी बसू? कुणी केले हे नियम? त्यांच्या बायका नाहीत का कामाला?"

"बोला, बोला," तोमोए म्हणाली, आणि आपल्या वाडग्यातली मोठी कोळंबी उचलून तिनं त्याच्या वाडग्यात ठेवली.