रोज ‘आज’ दिसणारा वाघ

आमच्या कोरगावच्या युवक संघाची वेबसाइट मी सांभाळतो, आणि तिच्यात चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी परवापरवापर्यंत छाती पुढे काढून सांगत असे. संघातला सर्वांत म्हातारा युवक मीच. वेबसाइट मुळात उभी केली ती माझ्या मेव्हण्याने, सुदेशने. पण तो राहतो म्हापशाला. गावाची नाडी माझ्या हातात! टँकर कधी येणार, कुणाची म्हैस हरवली, नाटकाची तालीम कुणाच्या घरी, हे सगळं रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी मी चहाबरोबर त्यावर चढवतो.

अडचण एकच होती, तारखांची. वेबसाइटवर तारीख आकड्यांत दिसे. ४/३ म्हणजे चार मार्च की तीन एप्रिल, यावरून टँकरपाशी दोन घरांचं बोलणं बंद झालं. तेव्हा एका रविवारी मी वेबसाइटच्या पोटात शिरलो. तारीख कशी दाखवायची याचे तिथे बरेच प्रकार होते आणि त्यातल्या एकावर मी बेहद्द खूश झालो. आकडेच नाहीत! सरळ ‘आज’, ‘काल’, ‘परवा’. माणसं बोलतात तसं. त्याखाली आणखी एक प्रश्न होता: मजकूर लिहिला ती तारीख दाखवायची की शेवटचा साठवला ती? मी म्हटलं, शेवटची. ताजं ते बरं. बटण दाबलं आणि पोदेराकडचे गरम उंडे पाव घ्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरची वेळ चढवून कचेरीला निघालो, तोच अनंतचा फोन. अनंत आमचा शेजारी. डोंगरावर त्याची नि माझी काजूची बाग लागून आहे आणि हंगामात त्याची काजूच्या दारूची भट्टी पेटलेली असते. त्याने दबक्या आवाजात विचारलं, वाघ नक्की कुठे दिसला. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मला काहीच ठाऊक नव्हतं. वेबसाइट उघडली, तर सूचनांच्या पानावर ठळक मथळा: ‘डोंगरावर वाघ दिसला, सांभाळा’. बाजूला लिहिलेलं: ‘आज’.

मी लिहिलं नव्हतं, म्हणजे सुदेशने लिहिलं असणार. म्हापशात बसून त्याला कळलं, म्हणजे गोष्ट वर कुठेतरी पोचलेली असणार. मी लगेच आणखी एक सूचना चढवली, बागेत एकट्याने जाऊ नये. तिकडे सुदेशने हे सगळं वाचलं. त्याला वाटलं, गावात राहणारे भावोजी लिहितात, म्हणजे डोळ्यांनी पाहिलं असणार. त्याने फोन करून विचारलं, वाघ मोठा आहे का. मी म्हटलं, मोठाच असणार. त्याने गप्पकन फोन ठेवला.

त्यानंतर रोज सकाळी मी वेबसाइट उघडून काहीतरी नवं चढवायचो आणि पाहायचो, तर वाघ आपला ‘आज’ दिसलेलाच. एखाद दिवशी आलेला वाघ समजू शकतो. हा तर बिऱ्हाड करून राहिला होता. काजू वेचायला सावंतवाडीकडून येणाऱ्या बायका यायच्या थांबल्या. शेजारच्या विनोदिनीने कोंबड्या स्वयंपाकघरात आणून ठेवल्या. अनंतने झरीवर शेपटी पाहिली. दुपारी ती हातभर होती, संध्याकाळपर्यंत नारळाच्या झावळीएवढी झाली. वनखात्याचा माणूस येऊन माती हुंगून गेला. ठसे कुठेच नव्हते. पण वेबसाइटवर आहे म्हटल्यावर त्यानेही मान डोलावली आणि जाताना पाऊल जरा भरभर उचललं.

माझं म्हणाल तर मी कचेरीतून सुटलो की थेट घरी यायचो, दिवे लागायच्या आत मागच्या दाराला कपाट लावायचो आणि परसात जायचं झालं तर बायकोला सोबतीला हाक मारायचो. माझी बायको सुविधा तेवढी शांत होती. तिचं एकच चाललेलं, काजू झाडाखाली पडून कुजताहेत. शेवटी एका सकाळी तिने माझ्या हातात बालदी दिली.

“वाघाक काजी आवडणत नाय. जावा.”

या बाईला मी नकोसा झालोय, अशी माझी खात्री पटली. पण गेलो.

बागेत खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. मी रांगत रांगत आत शिरलो. अंगात सुदेशचा जुना पिवळा, ठिपक्याठिपक्यांचा सदरा. वाळक्या पानांचा एवढा आवाज होत होता, की मी दर हाताला थांबून ऐकत होतो. मी थांबलो की आवाज थांबावा ना? थांबेना. दुसरीकडे कुणीतरी चालत होतं. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती घरघर बाहेर आली.

आणि बार उडाला!

डोक्यावर पानांचा सडा पडला. मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून पलीकडूनही एक किंकाळी आली. फांद्या बाजूला करून पाहतो तर अनंत, हातात डुकरं हाकलायची ठासणीची बंदूक, चेहरा पिठासारखा पांढरा.

“गोकुळदास, तू? बार वर गेलो म्हणान वाचलंस रे,” म्हणत तो खालीच बसला. मीही बसलो. बराच वेळ आम्ही एकमेकांचे हात धरून होतो. मग तो चिडला. आजच दिसला म्हणून स्वतः लिहितोस, आणि असा सदरा घालून रांगतोस कसा, म्हणाला. मी नाही लिहिलं, सुदेशने लिहिलं, हे दाखवायला मी फोन काढला आणि पहिल्यांदाच त्या मथळ्यावर बोट ठेवून आतला मजकूर उघडला. इतके दिवस सगळ्या गावाने नुसता मथळा वाचला होता. आत लिहिलं होतं: ‘चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानात फळं आणायला जाणाऱ्यांनी सांभाळावे.’

आम्ही दोघांनी वर पाहिलं. झाडाला काजूचे लालपिवळे बोंडू लोंबत होते. चवथ भाद्रपदात, काजू उन्हाळ्यात. मजकूर सुदेशचाच होता, पण तीन वर्षांमागचा; खाली त्याने नाव आणि साल टाकलेलं. मी रोज सकाळी नवी सूचना घालून सगळं पान साठवत होतो, आणि पान साठवलं की त्यावरचं सगळंच ‘आज’चं होत होतं. वाघाला रोज मीच घेऊन येत होतो.

अनंतने बंदूक उचलून खांद्याला अडकवली. मग म्हणाला, “पण शेपटी मिया बघितलंय.”

मी वाद घातला नाही. बंदूक त्याच्याकडे होती.

घरी येऊन आधी तारखा बदलल्या. दिवस, महिना अक्षरांत, वर्ष, सगळं. मग सुविधाला सांगितलं. ती चुलीपाशी मासे परतत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

“ता मिया पयल्याच दिवशी वाचलंय.”

मी कपाटं सरकवत होतो, अख्खं गाव घाबरलं होतं, मी मरता मरता वाचलो, आणि ही गप्प राहिली? तिने मासा उलटला आणि सावकाश सांगितलं, की दर वर्षी हंगामात कचेरी सुटली की मी अनंतच्या भट्टीवर हुर्राक कसा उतरलाय ते बघायला बसतो आणि घरी येतो तेव्हा सगळे झोपलेले असतात. औंदा रोज दिवे लागायच्या आत नवरा घरात होता. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मी नव्या तारखा नीट दिसतात का ते फोनवर पाहू लागलो. तिने पदराला हात पुसले, माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली आणि विचारलं,

“ता ‘आज’ परत घालूक येता काय?”