नॉर्वेचा कौल

सिद्धेश परबला ऑफिसतर्फे नॉर्वेची नोकरी मिळाली आणि त्याच दिवसापासून त्याचं पोट बिघडलं.

मरोळच्या त्या दोन खोल्यांत आनंदीआनंद होता. वडील काशीराम यांनी वाण्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, पोरगा फॉरेनला चालला. आता पोराने ‘मला भीती वाटते’ हे सांगायचं कुणाला? आणि भीती काय एक होती? तिकडे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो म्हणे. बर्फावर घसरलो तर उचलणार कोण? ताप आला तर पेज कोण देणार? तिशी जवळ आली तरी या गड्याला कुकरच्या शिट्टीची धास्ती होती. ऑफिसातल्या बॉसला, श्वेता मॅडमना, सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं.

रविवारी सकाळी त्याला मार्ग सुचला. “बाबा, एवढा मोठा निर्णय आहे. देवाचा कौल घेऊ या ना.”

काशीरामांना भरून आलं. ज्याने कधी निरांजन लावलं नाही, तो पोरगा कौल मागत होता. गावच्या देवळात गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवानेच नाही म्हटल्यावर घाबरट म्हणणार कोण, असा सिद्धेशचा सरळ हिशोब होता. तरी खात्री असावी म्हणून त्याने गच्चीवर जाऊन गुरवाला, म्हणजे धाकूकाकांना, गुपचूप फोन लावला.

“काका, डावा मिळाला तर बरं होईल. म्हणजे तुम्ही जरा...”

“झिला, ह्या देवाचा काम आसा. परत असा बोललंस तर तंगडी मोडीन.”

“बाबांना सांगू नका हां.”

“बापाशीक नाय सांगूचंय. फोन ठेव.”

थोड्या वेळाने पोह्यांच्या डब्याला मोबाईल टेकवून व्हिडिओ कॉल सुरू झाला. काशीरामांनी हात जोडून डोळे घट्ट मिटले, कारण ऐन वेळी देवाकडे बघायची त्यांची छाती होत नसे. आई सुलक्षणाबाई पोहे ढवळायचा डाव घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“बा देवा म्हाराजा,” धाकूकाकांनी गाऱ्हाणं घातलं, “ह्या तुझा लेकरू परदेशात जावक निघालासा. तुझी मर्जी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी.”

“व्हय म्हाराजा,” काशीराम म्हणाले.

स्क्रीनवर डावीकडची पाकळी थरथरली आणि पडली. तेवढ्यात चित्र गोठलं आणि कॉल कटला.

“डावा पडला, बाबा,” सिद्धेश जमेल तेवढा चेहरा पाडून म्हणाला. मग बाथरूममध्ये जाऊन त्याने मॅडमना मेसेज टाकला, ‘घरगुती कारणामुळे जमणार नाही.’ बाहेर येऊन बऱ्याच दिवसांनी त्याने पोटभर पोहे खाल्ले.

“आता वॉचमनला काय सांगू?” काशीराम पुटपुटले.

सुलक्षणाबाई मुलाकडे बघत राहिल्या. “धाकूभावोजींना परत फोन लाव,” त्या म्हणाल्या. “गुरवाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कौल पुरा होत नाही.”

“रेंज गेली रे,” स्पीकरवर धाकूकाका म्हणाले. “उजवो दिलान म्हाराजान. पोराक पाठव.”

“काका, डावी पडली. मी बघितली.”

“ती तुझी डावी. देव तुझ्याकडे तोंड करून बसलोहा. त्येचो उजवो हात तुका खंय दिसतलो?”

सिद्धेशने समोर आईकडे पाहिलं. तिचा डाव धरलेला उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला होता.

“आणि मी मॅडमना ‘नाही’ म्हणून कळवलंय,” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“देव जा म्हणतो आणि तू ‘नाही’ म्हणून कळवलंस?” काशीराम ओरडले. “वाट लागली. जत्रेला तोंड कसं दाखवायचं?”

आतापर्यंत फक्त नॉर्वेची भीती होती, आता त्यात देवाचीही भर पडली. त्याने मॅडमना फोन केला.

“अरे, मी आत्ताच आपल्या ऑफिसातल्या सुयोगला तुझ्या जागी विचारलं,” मॅडम म्हणाल्या. “तो म्हणतो, आई सोडत नाही. तू नक्की जातोस का? परत बदलायचं नाही हां.”

सिद्धेशने डोळे मिटले आणि हो म्हटलं.

काशीराम लगेच चपला घालून वॉचमनकडे गेले. सुलक्षणाबाईंनी मुलाला ओट्याशी उभं केलं आणि त्याच्यासमोर कुकर ठेवला.

“आई,” तो हळूच म्हणाला, “मी काकांना फोन केलेला. डाव्यासाठी.”

“माहीत आहे. त्यांनी लगेच मला सांगितलं.”

“मग?”

“मग मी म्हटलं, भावोजी, उजवी पाकळी तेवढी कोरडीशी लावा, आधी पडू दे.”

“आणि त्यांनी ऐकलं? मला तंगडी मोडीन म्हणाले.”

“मला नाही म्हणायची छाती आहे त्यांची?”

“पण तूच सांगायचं ना, जा म्हणून.”

“मी सांगितलं असतं, तर तू रडला असतास. मग मीच म्हटलं असतं, राहा.” त्यांनी तांदळात पाणी ओतलं आणि पदराने डोळे पुसले. “आता देवाला काय तोंड दाखवायचं ते माझं मी बघते. तू झाकण लाव.”

त्याने झाकण लावलं. थोड्या वेळाने शिट्टी झाली तेव्हा दोघंही दचकली.