लिहिलं नाही, ते चावलंच नाही

टेक्सासमधल्या आजोबांना काय चावलं, याचा कोड मी कोइमतूरमध्ये बसून अकरा सेकंदांत टाकतो! तिकडच्या डॉक्टरांच्या दोन ओळी वाचायच्या आणि विमा कंपनीसाठी कोड द्यायचा, हे माझं काम. नियम एकच: डॉक्टरांनी लिहिलं नाही, ते घडलंच नाही. या एका नियमावर मी शेकडो अमेरिकनांची खाज नामंजूर केली आहे. चार वर्षं अशी काढल्यावर कोड तपासणाऱ्या ऑडिटरची जागा हातातोंडाशी आली होती. अट एवढीच, की वर्षभरात एकही विनापरवाना गैरहजेरी नको.

तेवढ्यात ऑफिसातल्या खुर्चीनंच घात केला. पाठभर गांध्या! तीन दिवस घरी पालथा पडून होतो.

"इळंगो, रजेच्या अर्जावर 'अंगदुखी' लिही, खोबरेल लाव नि गप्प बस," शेजारच्या टेबलावरच्या पूंगोडी अक्का म्हणाल्या.

गप्प बसेन तर कोडर कसला! डॉक्टर माझी पाठ बघून "ढेकूण!" म्हणून ओरडले आणि चिठ्ठीवर लिहिलं 'पुरळ'.

"ढेकूण लिहा ना, डॉक्टर!"

"बाहेर पंचवीस पेशंट बसलेत. मलमाला ढेकणाचं नाव लागत नाही!"

मग मीच अर्जाच्या खाली कोडांची ओळ भरली. चावणारा: ढेकूण. खेप: पहिली. ठिकाण: ऑफिस.

"ठिकाण कशाला लिहिलंस, मुडद्या?" अक्कांनी कपाळावर हात मारला.

"अर्धवट कोड टाकायचा नसतो, अक्का!"

तासाभरात मॅनेजर तिरुनावुक्करसू साहेबांनी बोलावलं. "आपल्या ऑफिसात ढेकूण? अमेरिकेत कळलं तर? पुरावा काय?"

मी माझी खुर्ची ढकलत केबिनमध्ये नेली आणि त्यांच्या टेबलावर उलटी केली. तीन ढेकूण टपाटप पडले. टम्म फुगलेले, निवांत! एक थेट माझ्या अर्जावर चालू लागला. साहेबांनी त्याला अंगठ्यानं चिरडलं आणि शांतपणे विचारलं,

"डॉक्टरांनी काय लिहिलंय?"

"पुरळ..."

"मग? नव्या पोरांना तूच शिकवतोस ना? लिहिलं नाही, ते..."

"...घडलंच नाही, सर."

असा संताप आला! पण कुणावर काढणार? शिकवणारा मीच.

संध्याकाळी अर्ज परत आला. आजारपण अमान्य, तीन दिवस विनापरवाना गैरहजेरी. ऑडिटर झाल्या पूंगोडी अक्का. त्यांना गेली दोन वर्षं फक्त 'अंगदुखी' होते.

साहेबांच्या सहीशेजारी एक तांबडा डाग होता. रक्त माझंच. पण तसं कुठं लिहिलेलं नाही.